राहिलेली दहावी मोठेपणी पूर्ण करायची ठरवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरच्या पूर्व भागात एका मंदिरामागच्या खोलीत संध्याकाळी साडेसातला आमचा वर्ग भरतो. कुणी दिवसभर बिड्या वळून आणि स्वयंपाक उरकून येतं, कुणी कारखान्यातून घरी न जाता थेट. वर्गातली सर्वांत लहान विद्यार्थिनी २६ वर्षांची आहे, सर्वांत मोठी ५८ वर्षांची. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी हा वर्ग घ्यायला लागले. सगळ्या जणी एकच वाक्य घेऊन येतात, "बाई, माझी दहावी राहिली."

नव्यानं येणाऱ्या बायका (आणि अलीकडे थोडे पुरुषही) जे प्रश्न विचारतात, ते बहुतेक सारखेच असतात. काही फॉर्मचे, काही गणिताचे. पण त्यांच्या तळाशी एकच विचारणं असतं. या वयात स्वतःसाठी काही ठरवावं का, आणि ठरवलं तर ते संसारात बसवायचं कसं? म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे.

माझं वय ४२ आहे. आता दहावी करून काय मिळणार?

आधी रोकडा हिशेब सांगते. पोलीस पाटील पदाला दहावी लागते आणि वय २५ ते ४५ चालतं. ग्रामीण डाक सेवकाच्या भरतीला गणित आणि इंग्रजी घेऊन दहावी पास असावं लागतं, वयोमर्यादा सर्वसाधारणपणे ४० पर्यंत, म्हणजे ४२ व्या वर्षी तो रस्ता बहुतेकींना बंद झालेला असतो. आयटीआयच्या प्रवेशाला मात्र वरची वयोमर्यादा नाही, आणि तिथल्या बऱ्याच ट्रेडना दहावी हवी असते. अंगणवाडी सेविका व्हायचं असेल तर आता बारावी लागते, म्हणजे दहावी ही तिथली फक्त पहिली पायरी. ज्यांना नोकरीसाठी आखाती देशात जायचं आहे त्यांनी हेही लक्षात ठेवावं की दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ईसीआर'चा शेरा येतो आणि काही देशांत कामाला जाण्याआधी वेगळी परवानगी काढावी लागते. दहावी झाली की ती अट निघते.

एवढं सांगून हेही सांगते की नुसत्या दहावीवर चाळिशीनंतर चांगली नोकरी मिळणं अवघड आहे. कुणी तसं आश्वासन देऊन फी घेत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका.

वयाबद्दल म्हणाल, तर ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकारानं साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी साडी नेसून, दप्तर घेऊन अक्षरं गिरवायला बसल्या. त्यांना कुठलं प्रमाणपत्र नको होतं. अंगठा उठवण्याऐवजी सही करता यावी, समोरचं वाचता यावं, एवढंच हवं होतं. ते ध्येय लहान होतं असं मला कधी वाटलं नाही.

"दहावी पास व्हायचं" हे ध्येय पुरेसं नाही का?

नाही. त्यानं सुरुवात होते, पण ते ऑक्टोबरच्या पुढे टिकत नाही. दरवर्षी पाहते मी. जूनमध्ये खोलीत बसायला जागा नसते आणि दिवाळीनंतर मागच्या दोन ओळी मोकळ्या होतात. ज्या टिकतात त्या जास्त हुशार असतात असं नाही. त्यांना दहावी कशासाठी हवी आहे, ते त्यांना पक्कं माहीत असतं.

म्हणून पहिल्या आठवड्यात मी प्रत्येकीला वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावते, "मला दहावी हवी आहे, कारण..." लिहिता येत नसेल तर मला सांगायचं, मी लिहून देते. "शिक्षण महत्त्वाचं असतं" अशी शाळेच्या भिंतीवरची वाक्यं मी परत पाठवते. स्वतःच्या घरातलं, स्वतःच्या पोटातलं कारण हवं.

तीन जणींची कारणं सांगते. एका मावशींच्या मुलीच्या लग्नाच्या बैठकीत पाहुण्यांनी विचारलं, "मुलीची आई किती शिकलेली?" त्या गप्प राहिल्या. दुसरी नातीला शिकवता यावं म्हणून आली असेल असं मला वाटलं होतं, पण तिचं कारण निराळंच निघालं. ती बचत गटाची अध्यक्ष होती, बँकेचे कागद यायचे, वाचून दाखवायला सचिव लागायची, आणि एकदा वाचून दाखवलेलं आणि कागदावरचं यांत फरक निघाला. तिसरी तिशीतली, माहेरच्या गावात डाक सेवकाची जागा निघेल या आशेवर होती.

तिघींचं ध्येय "दहावी" या एकाच शब्दात बसतं, पण तिघींचा अभ्यास वेगळा ठरला. तिसरीला गणित आणि इंग्रजी सोडून चालणारच नव्हतं, आणि वयाची चाळिशी ही तिची शेवटची तारीख होती. बचत गटवालीला प्रमाणपत्राआधी मराठीचं वाचन आणि टक्केवारी हवी होती, म्हणून तिथून सुरुवात केली. पहिल्या मावशींना कसलीच घाई नव्हती. वर्षाला दोन विषय झाले तरी त्यांचं काम होणार होतं. कारण कळलं की कोणता विषय आधी, किती वर्षांत, कोणत्या मंडळातून, हे प्रश्न निम्मे सुटतात.

फॉर्म नंबर १७ भरू, की मुक्त विद्यालयातून बसू?

फॉर्म १७ म्हणजे राज्य मंडळाची परीक्षा खासगी विद्यार्थी म्हणून देणं. पाचवी पास असल्याचा शाळा सोडल्याचा दाखला लागतो आणि वयाची १४ वर्षं पूर्ण असावी लागतात. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग मंडळाने नेमलेल्या संपर्क केंद्राच्या शाळेत कागदपत्रं द्यायची. परीक्षा शाळेतल्या मुलांची असते तीच, त्यांच्याच पुस्तकांवर. सहा विषय, एकूण ६०० गुण, पास व्हायला विषयाला ३५. भाषांना ८० गुणांची लेखी आणि २० तोंडी वगैरेचे. गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांचे मात्र ४०-४० गुणांचे दोन पेपर आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. या वीस गुणांकडे खासगी विद्यार्थी दुर्लक्ष करतात आणि नंतर हळहळतात. संपर्क केंद्रातून बोलावणं येण्याची वाट पाहू नका, आपण होऊन जाऊन तारखा विचारा.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हा दुसरा रस्ता. तिथे पाच विषय घ्यावे लागतात, पास व्हायला ३३ टक्के. नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एखादा विषय पास झाला की तो जमा राहतो, पुन्हा द्यावा लागत नाही. मराठी माध्यम आहे. आणि पुष्कळ जणींना कळलं की डोळे चमकतात अशी गोष्ट म्हणजे गणित घेतलंच पाहिजे असं तिथे नाही.

माझं मत विचाराल तर घरात लहान मुलं, आजारी माणूस किंवा कमाईचं रोजचं काम असेल तिनं मुक्त विद्यालय घ्यावं. एका वेळी दोन विषय देता येणं ही संसारी माणसासाठी फार मोठी सोय आहे. ज्यांना वर्षभर रोज दीड-दोन तास नक्की मिळतात, किंवा ज्यांच्या कारणाला वर्षभरातच दाखला हवा आहे, त्यांनी फॉर्म १७ भरावा. गणित टाळण्यासाठी रस्ता निवडणार असाल, तर आधी वहीचं पहिलं पान उघडून पाहा. तिथे डाक सेवक लिहिलं असेल तर गणित टाळून तिथे पोचता येणार नाही.

पूर्वी दहावीला बसून नापास झालेल्यांची गोष्ट वेगळी. त्या पुनर्परीक्षार्थी. जुनी गुणपत्रिका घेऊन आपल्या त्या वेळच्या शाळेत जावं.

शाळेचा दाखला हरवला आहे.

शाळेत अर्ज करून दुसरी प्रत मागावी, सोबत दाखला हरवल्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. शाळा बंद पडली असेल तर तिचं दप्तर कुठे सोपवलं आहे ते शिक्षण विभागाच्या कार्यालयात कळतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी आधार कार्ड आणि दाखला यांतला नावाचा फरक अगदी पहिल्या महिन्यात मार्गी लावावा. या एका कामापायी मी वर्ष वाया गेलेलं पाहिलं आहे.

मला दिवसात वेळच मिळत नाही. काय करू?

या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वेळ देते, कारण अभ्यासापेक्षा इथेच जास्त जणी थांबतात.

आधी सात दिवस काहीही न बदलता टिपण ठेवा. उठल्यापासून झोपेपर्यंत कोणता तास कशात गेला ते तारीखवार लिहायचं. आमच्या एका विद्यार्थिनीच्या टिपणात सकाळी बिड्या कारखान्यात पोचवणं, तिथली रांग, पानं-तंबाखू घेऊन परतणं, पानं भिजवणं-कापणं, दुपारी वळणं, मधे नळाची वाट पाहणं असं सगळं आलं. कामाचे पैसे हजार बिड्यांवर मिळतात, तेव्हा तिचा प्रत्येक तास पैशात मोजलेला. तिला "रोज चार तास अभ्यास करा" सांगणं म्हणजे तिच्या चुलीवर हात घालणं होतं.

पण टिपणात दोन जागा सापडल्या. कारखान्याच्या रांगेतली साधारण पाऊण तासाची वेळ, आणि रात्री जेवणं झाल्यावर मालिका चालू असताना भांडी घासण्याचा वेळ. रांगेत ती इंग्रजी शब्दांची चिठ्ठी पाठ करू लागली. आणि भांडी? ती मुलानं घासायला सुरुवात केली. हे आपोआप झालं नाही. तिनं मागितलं तेव्हा झालं.

तास उरत नसतो. तो मागून घ्यावा लागतो. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, घरातल्या सगळ्यांना सांगून. "जमेल तेव्हा बसेन" म्हटलं की त्या "जमेल तेव्हा"वर सासूबाईंचं औषध, मुलाचं प्रॅक्टिकल, नणंदेचा फोन, सगळ्यांचा हक्क लागतो. "साडेनऊ ते साडेदहा मी कुणाची नाही" असं म्हटलं की दोन आठवडे कुरकुर होते, तिसऱ्या आठवड्यात घर त्या वेळेला सरावतं.

वेळापत्रक आपल्या गावासारखं असावं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याच्या दिवशी बाई दुसरं काही करू शकत नाही. तो दिवस अभ्यासातून मोकळा ठेवायचा आणि त्याबद्दल वाईट वाटून घ्यायचं नाही. आठवड्याचे सहा दिवस, दिवसाला एक तास धरला तर जुलै ते जानेवारी या ३० आठवड्यांत १८० तास होतात. सहा विषयांना वाटले तर विषयाला ३०. गणितालाच कित्येकींना ९० तास लागतात. हा हिशेब पाटीवर मांडला की "एका वर्षात सगळं" या हट्टाचं काय करायचं ते माझ्याऐवजी त्याच ठरवतात. दोन वर्षं घेणारी बाई मागे पडलेली नसते, तिनं तास मोजलेले असतात.

वाचायला बसलं की दहा मिनिटांत डोकं दुखतं. माझं लक्षच लागत नाही.

वय चाळीसच्या आसपास असेल तर सगळ्यात आधी डोळे तपासून घ्या. जवळचं वाचायच्या चष्म्याला आपण 'चाळिशी' म्हणतो ते उगाच नाही. "माझी बुद्धीच गेली" म्हणणाऱ्या तीन जणींना चष्मा लागल्यावर त्याच पुस्तकात गोडी वाटू लागली.

घरचे हसतात. "आता काय कलेक्टर व्हायचंय का?" म्हणतात.

हसणं सहन करता येतं, वही लपवून ठेवणं सहन करू नका. दोन्हींत फरक आहे.

आपल्याकडच्या शिकलेल्या बायकांची पहिली पिढी घरातूनच अडवली गेली. रमाबाई रानड्यांचं लग्न १८७३ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांशी झालं तेव्हा त्या ११ वर्षांच्या होत्या आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पतीनं शिकवायला घेतलं, पण घरातल्या मोठ्या बायकांना ते मुळीच रुचलं नाही. वर्षानुवर्षं त्यांनी त्या घरातच राहून, सगळ्यांचं करून, अभ्यास केला. पुढे १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं ते प्रौढ आणि परित्यक्ता बायकांनाही शिकता यावं, पायावर उभं राहता यावं म्हणून, आणि त्याच्या मागे रमाबाई होत्या. मी वर्गात हे सांगते तेव्हा मागून हमखास कुणीतरी विचारतं, "त्यांना नवऱ्याची साथ होती, आम्हाला कुठे आहे?" प्रश्न रास्त आहे. नवरा नसेल तर दुसरं कुणी शोधा. मुलगी, शेजारीण, वर्गातली जोडीदारीण. अगदी एकटीनं हे वर्ष काढणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, पण त्यांना त्याची किंमत फार पडली.

एक उपाय नेहमी लागू पडतो. घरातल्या शाळकरी मुलाला आपला मास्तर करा. दहावी-नववीतल्या मुलाला आईला भूमिती समजावायला सांगितलं की त्याचाही अभ्यास होतो आणि त्याचं हसणंही थांबतं.

ठरवलेलं सगळ्यांना सांगावं की मनात ठेवावं?

ज्यांच्याकडून तास मागायचा आहे त्यांना सांगावंच लागतं. गल्लीभर सांगायची गरज नाही. अभ्यास होण्याआधीच कौतुक झालं की काम झाल्यासारखं वाटतं, आणि बोलणीही निकालाआधीच सुरू होतात.

गणिताची भीती कशी जाईल?

बहुतेक प्रौढ बायकांना गणित येत असतं, त्याची पुस्तकातली नावं त्यांना माहीत नसतात. हे मी धीर द्यायला म्हणत नाही, रोज पाहते.

राज्य मंडळाच्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये 'अंकगणिती श्रेढी' हे प्रकरण आहे. नाव वाचून वही मिटली जाते. मी विचारते, पहिल्या महिन्यात १०० रुपये बाजूला टाकले आणि पुढे दर महिन्याला ५० वाढवत गेलं तर वर्षअखेर किती साठतील? बायका बोटांवर, मग कागदावर मांडतात. १००, १५०, २००... शेवटच्या महिन्यात ६५०. पहिला आणि शेवटचा मिळून ७५०. दुसरा आणि शेवटून दुसरा मिळूनही ७५०. अशा सहा जोड्या, म्हणजे ४,५००. सूत्र मी त्यानंतर लिहिते. ज्या बाईनं जोड्या स्वतः लावल्या तिला सूत्र पाठ करावं लागत नाही.

'अर्थनियोजन'मध्ये जीएसटी आहे. ज्यांचं छोटं दुकान आहे त्या यात माझ्यापुढे असतात. 'संभाव्यता' आणि 'सांख्यिकी' ही दोन्ही प्रकरणं सरावानं येतात. 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' नंतर घ्यावीत आणि 'वर्गसमीकरणे' सगळ्यात शेवटी. भाग २ मध्ये 'पायथागोरसचे प्रमेय' आणि 'महत्त्वमापन' आधी, 'भौमितिक रचना' हाताला वळण लागलं की जमतात, कारण तिथे पायऱ्या ठरलेल्या असतात. 'त्रिकोणमिती' घाईनं करू नये.

म्हणजे गणितातही क्रम पुस्तकाचा न ठेवता आपल्या आयुष्याचा ठेवायचा. पहिल्या दोन महिन्यांत दोन प्रकरणं पूर्ण हाताखाली आली की "मला येतं" हा अनुभव येतो. पण मधे पाढे, अपूर्णांक, दशांश चिन्ह कच्चं असेल तर सरळ पाचवीचं पुस्तक उघडावं. त्यात कमीपणा नाही. पाया नसताना वर चढवलेली भिंत परीक्षेच्या हॉलमध्ये पडते.

मध्येच खंड पडला. महिना झाला वहीला हात लावला नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू करू का?

नको. जिथे सोडलं त्याच्या एक पान मागे जाऊन सुरू करा.

खंड पडणारच आहे असं धरूनच वर्ष आखावं. आमच्याकडे दिवाळी आहे, लग्नसराई आहे, आणि ऐन जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. संक्रांतीच्या सुमारास नंदीध्वज निघतात, घरं पाहुण्यांनी भरतात. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत. आता यात्रा सोडून अभ्यास करा असं मी सांगणार नाही. अक्षता सोहळा पाहायला मी स्वतः जाते. पण ते आठ-दहा दिवस जूनमध्येच वेळापत्रकातून कापून ठेवलेले असले, तर यात्रा संपल्यावर बाई न चुकता परत येते. कापून ठेवले नसतील तर "आता काय उरलं" म्हणून घरीच बसते. दिवस दोघींचेही तेवढेच बुडालेले असतात.

आजारपण, घरातला मृत्यू, बाळंतपण यांचं वेळापत्रक कुणाला आखता येत नाही. तेव्हा रोज एकच गोष्ट करावी, पुस्तकातल्या चार ओळी वहीत उतरवणं. पाच मिनिटं लागतात. अभ्यास म्हणून त्यात फारसं काही नाही. पण वही उघडायची सवय मोडत नाही आणि पुन्हा सुरू करताना पहिल्या दिवसाची धास्ती राहत नाही.

नापास झाले तर?

फॉर्म १७ वाल्यांना पुरवणी परीक्षा असते, मुख्य निकालानंतर जून-जुलैच्या सुमारास. राहिलेले विषय तेव्हा देता येतात. मुक्त विद्यालयात नऊ संधी आहेत, हे वर आलंच.

इथे मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. पहिल्या-दुसऱ्या वर्षी माझ्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. चुणचुणीत, मराठी उत्तम. तिनं विचारलं, "बाई, या वर्षी सगळे विषय झेपतील?" मी म्हटलं, "तू करशील." तिचे तास मोजले नाहीत, घरी काय चाललंय विचारलं नाही. तिचा उत्साह पाहून मलाच उत्साह आला होता. तीन विषय गेले. निकालानंतर मी दोनदा तिच्या घरी गेले, ती बाहेर आली नाही. तिची वही अजून माझ्याकडे आहे. त्या वर्षापासून "तू करशील" हे वाक्य मी तासांचा हिशेब पाहिल्याशिवाय बोलत नाही. नापास होणं तिला सोसलं असतं. बाईंनी सांगितलं म्हणजे होणारच असं तिनं धरलं होतं, तो धक्का तिला सोसला नाही.

तेव्हा निकालाच्या आधीच ठरवून ठेवा, एक विषय गेला तर काय, तीन गेले तर काय. पुरवणीला बसायचं का, की पुढच्या वर्षी? हे मार्चमध्ये, शांत डोक्यानं, वहीत लिहून ठेवावं. निकालाच्या दुपारी ठरवायला बसू नये.

ठरवलेलं सोडून द्यावं असं कधी वाटलं तर?

वहीचं पहिलं पान पुन्हा वाचा. कारण अजून खरं आहे का?

बचत गटाच्या अध्यक्षबाईंनी आठ महिन्यांनी वर्ग सोडला. परीक्षा दिली नाही. जाण्याआधी त्यांनी बँकेचा कर्जाचा करार माझ्यासमोर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, व्याजाचा दर गटाच्या वहीशी ताडून पाहिला आणि एक चूक काढली. त्यांचं काम झालं होतं. मी त्यांना थांबवलं नाही.

पण दमल्यामुळे, कुणी बोललं म्हणून, किंवा चाचणीत आठ गुण पडले म्हणून सोडावंसं वाटत असेल तर पंधरा दिवस थांबा. त्या दिवसांत निर्णय घेऊ नका, फक्त त्या चार ओळी उतरवत राहा.

परीक्षा केंद्रात सगळी पंधरा-सोळा वर्षांची मुलं असतात. लाज वाटते.

पहिल्या पेपरला वाटते. दुसऱ्या पेपरला मुलंच विचारतात, "काकू, कसा गेला?" हॉल तिकीट, ओळखपत्र, चष्मा आणि दोन पेनं आदल्या रात्री एका पिशवीत भरून ठेवा. त्या दिवशी सकाळचा स्वयंपाक दुसऱ्या कुणाकडे द्या, आणि हे आठवडाभर आधी सांगा.

दहावी झाली. पुढे?

दोन महिने काही ठरवू नका. मग नवी वही, पहिलं पान. कुणी अकरावी-बारावीकडे जातं, तिथेही फॉर्म १७ आणि मुक्त विद्यालय दोन्ही आहेत. कुणी आयटीआयला जातं. बारावीनंतर पदवी घरी राहून करायची तर १९८९ मध्ये स्थापन झालेलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, त्याची अभ्यासकेंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. आणि कुणी इथेच थांबतं. त्या पहिल्या मावशींनी गुणपत्रिका फ्रेम करून मुलीच्या सासरी दिवाणखान्यात लावायला दिली आणि म्हणाल्या, आता मला झोपायचंय.

सुरुवात कधी करावी?

फॉर्म १७ ची नोंदणी पावसाळ्यात होते. तारखा मंडळ दरवर्षी जाहीर करतं, आणि उशीर झाला की विलंब शुल्क लागतं. म्हणून दाखल्याची शोधाशोध उन्हाळ्याच्या सुट्टीतच करा. मुक्त विद्यालयाची नोंदणी वर्षातून दोनदा होते.

सात दिवसांचं टिपण मात्र कोणत्याही महिन्यात सुरू करता येतं. आमच्या वर्गाला यायचं असेल तर ते टिपण घेऊन या. पुस्तकं नसली तरी चालतील, आमच्याकडे जुनी आहेत.